यकृत बिघडलं, फुप्फुस मात्र ठणठणीत: असं का होतं?

प्रश्न नांदेडच्या एका एम. फार्म.च्या विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "सर, रॅटमध्ये कार्बन टेट्राक्लोराइड हे विष देऊन सिऱ्होसिस केला, म्हणजे यकृत घट्ट, गाठाळ केलं. यकृताचे रिपोर्ट हवे तसे आले. पण आमचा विषय सिऱ्होसिसचा फुप्फुसावर होणारा परिणाम हा आहे, आणि रक्तातला ऑक्सिजन तर नॉर्मलच येतोय. गाईड म्हणतात डोस वाढवा. वाढवू का? आणि प्राण्यांवरचं हे काम माणसाला कितपत लागू पडतं?"

डोस वाढवू नका. वाढवलात तर चार रॅट जास्त मरतील, बाकी काही होणार नाही. तुमच्या हातात खोट नाही, खोट मॉडेलच्या, म्हणजे जनावरात आजार उभा करायच्या पद्धतीच्या, निवडीत आहे. मी पशुवैद्यकीय विकृतिशास्त्रातला माणूस. शेळ्यांची यकृतं आणि रॅटची फुप्फुसं कापण्यात नोकरी गेली. त्यावरून आणि या विषयात जे छापून आलंय त्यावरून ठाम सांगतो: रॅटमध्ये यकृत किती बिघडलं याला फारसं महत्त्व नाही, ते कोणत्या वाटेनं बिघडवलं यावर फुप्फुसाचं काय होणार ते ठरतं.

आधी माणसाचं बघू, म्हणजे आपण रॅटमध्ये नेमकं काय शोधतोय ते कळेल. यकृताचा जुना आजार, हातापायांची बोटं निळसर, नखं फुगीर, असा रुग्ण फ्लुकिगर यांनी १८८४ मध्येच नोंदवून ठेवला होता. 'हेपॅटोपल्मोनरी सिंड्रोम' हे नाव मात्र १९७७ सालचं. त्यात तीन गोष्टी एकत्र लागतात: यकृताचा आजार किंवा पोर्टल शिरेत (आतड्याचं रक्त यकृतात नेणाऱ्या शिरेत) वाढलेला दाब, फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावणं, आणि त्यापायी धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन कमी पडणं. तिन्हींपैकी एक जरी नसली तरी ते नाव द्यायचं नाही. तुमच्याकडे आज पहिली एकटीच आहे.

रुंदावलेल्या वाहिनीनं ऑक्सिजन का कमी व्हावा, हे व्हायव्हात हमखास विचारतात आणि पोरं हमखास अडखळतात. निरोगी केशवाहिनी ८ ते १५ मायक्रॉनची असते. तांबड्या पेशी तिच्यातून जवळजवळ एकेरी जातात आणि प्रत्येकीचा हवेच्या पिशवीशी संबंध येतो. तुळजापूरच्या दर्शनबारीत कठडे असतात तोवर प्रत्येकाला दर्शन मिळतं. कठडे काढून वाट चौपट रुंद केली तर मधल्या गर्दीतले लोक दर्शनाविना पुढे ढकलले जातात, तसं इथं होतं. या आजारात केशवाहिन्या शंभर मायक्रॉनपर्यंत, कधी त्याहूनही जास्त रुंदावतात. मधल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. त्यात सिऱ्होसिसमध्ये हृदय जोरात रक्त फेकत असतं, म्हणजे पेशींना थांबायला वेळही कमी. म्हणूनच अशा रुग्णाला शंभर टक्के ऑक्सिजन दिला की आकडा बराच वर येतो: दाब वाढला की ऑक्सिजन मधल्या पेशींपर्यंतही ढकलला जातो. हृदयात खरंखुरं भोक असतं तर इतका वर आला नसता. रुंदावलेल्या वाहिन्या फुप्फुसाच्या तळाशी जास्त असतात, त्यामुळे रुग्ण उठून बसला की धापतो आणि आडवा झाला की त्याला बरं वाटतं. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाच्या अगदी उलट.

सिऱ्होसिसमध्ये फुप्फुसाला त्रास देणाऱ्या आणखी गोष्टी आहेत, त्या यात मिसळू नका. पोर्टोपल्मोनरी हायपरटेन्शनमध्ये वाहिन्या अरुंद होतात आणि उजव्या हृदयावर ताण येतो, म्हणजे सगळं उलटंच. हेपॅटिक हायड्रोथोरॅक्समध्ये बहुधा उजव्या छातीत पाणी साचतं. आणि जलोदरानं पोट तट्ट फुगलं की छाती-पोटामधला पडदा वर ढकलला जाऊन फुप्फुसाचा तळ दबतो. रॅटमध्येही हे शेवटचं होतं. पोटात पाणी असलेल्या रॅटचा ऑक्सिजन कमी आला, म्हणून लगेच हेपॅटोपल्मोनरी लिहून मोकळं होऊ नका.

आता तुमचा खरा प्रश्न. रॅटचं यकृत बिघडवायच्या नेहमीच्या वाटा अशा: विष द्यायचं, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड किंवा थायोॲसिटामाइड, पोर्टल शीर अर्धवट बांधायची, किंवा मुख्य पित्तनलिका बांधून टाकायची. विषानं सिऱ्होसिस होतो, गाठी येतात, पोर्टल दाबही वाढतो, पण हेपॅटोपल्मोनरी भरवशानं होत नाही. शीर बांधली तर यकृत फारसं न बिघडता पोर्टल दाब वाढतो, पण फुप्फुस तसंच राहतं. पित्तनलिका बांधली तर तिसऱ्या आठवड्यापासून फुप्फुसात बदल दिसू लागतात, चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत ते ठळक होतात, आणि धमनीतला ऑक्सिजन खरोखर उतरतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून या विषयावरचं बहुतेक काम याच रॅटवर उभं आहे.

एकाच अवयवाच्या आजाराचे असे दोन निकाल का? याचं उत्तर बरंचसं एंडोथेलिन-१ मध्ये आहे. हे द्रव्य १९८८ मध्ये सापडलं ते रक्तवाहिनी आवळणारं म्हणून. त्यामुळे ते वाहिनी रुंदावतं म्हटलं की गाईडसुद्धा भुवया उंचावतात. मेख आहे ते कोणत्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या पकडजागेवर) बसतं त्यात. वाहिनीच्या स्नायूवरच्या ए रिसेप्टरवर बसलं तर वाहिनी आवळते. आतल्या अस्तरावरच्या बी रिसेप्टरवर बसलं तर अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि वाहिनी सैल पडते. पित्तनलिका बांधली की यकृतात पित्तनलिकेच्या अस्तराच्या पेशी भरमसाट वाढतात, आणि या पेशी एंडोथेलिन-१ रक्तात सोडतात. विषानं केलेल्या सिऱ्होसिसमध्ये या पेशींची अशी वाढ होत नाही, म्हणून रक्तातलं एंडोथेलिनही तसं चढत नाही. हा झाला एक घाव. दुसरा घाव पोर्टल दाबाचा: रक्ताचा ओघ वाढतो, फुप्फुसातल्या अस्तरावर घर्षण वाढतं, आणि तिथले बी रिसेप्टर वाढतात.

दोन्ही घाव लागतात, हे एका सुरेख प्रयोगानं दाखवलंय. पोर्टल शीर बांधलेल्या रॅटना, ज्यांना एरवी काही होत नाही, शिरेतून थोडं एंडोथेलिन-१ देत राहिल्यावर त्यांच्या फुप्फुसात बदल झाले. निरोगी रॅटना तेच दिलं तर झाले नाहीत. हा प्रयोग नीट समजला की तुमचा ऑक्सिजन नॉर्मल का येतोय ते वेगळं सांगावं लागत नाही: तुमच्या रॅटमध्ये रिसेप्टर वाढलेले असतीलही, पण त्यांवर बसायला एंडोथेलिन कुठंय?

तिसरी गोष्ट आतड्याची, आणि इथं माझ्यातला जनावरांचा डॉक्टर जागा होतो. पोर्टल दाब वाढला आणि पित्त आतड्यात उतरेनासं झालं की आतड्याची भिंत गळकी होते. तिथले जिवाणू आणि त्यांच्या भिंतीतलं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, रक्तात येतं. एरवी यकृतातल्या कुप्फर पेशी हा कचरा गिळतात. यकृतच आजारी पडलं की तो पुढे फुप्फुसात जातो. पित्तनलिका बांधलेल्या रॅटच्या फुप्फुसात, केशवाहिन्यांच्या आत, भिंतीला चिकटून बसलेल्या भक्षक पेशी दिसू लागतात. त्या आणखी नायट्रिक ऑक्साइड बनवतात, शिवाय हीम ऑक्सिजनेज-१ या एन्झाइममार्फत कार्बन मोनॉक्साइडही. दोन्हींनी वाहिन्या सैलावतात. या रॅटना नॉरफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक देऊन आतड्यातले जिवाणू कमी केले तर या पेशी आणि फुप्फुसातला बिघाड, दोन्ही कमी झाले.

निरोगी रॅटच्या फुप्फुसात अशा पेशी नसतात. माणसाच्याही नसतात, कुत्र्याच्याही नसतात. पण शेळी, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर, घोडा यांच्यात त्या मुळातच असतात. शिरेतून शाईचे कण सोडले तर रॅटमध्ये ते यकृत-प्लीहेत सापडतात, शेळीमध्ये बहुतांश फुप्फुसात. म्हणून एंडोटॉक्सिनचा जो डोस रॅटला खिजगणतीत नसतो, तो शेळीला आडवी करतो. मला दरवेळी कुणीतरी विचारतं, "सर, आपल्याकडे उस्मानाबादी शेळ्या ढिगानं आहेत, यकृतात पर्णकृमी झालेल्या शेळ्या तर तलावाकाठच्या प्रत्येक गावात मिळतील, रॅट कशाला?" याच कारणासाठी. शेळीचं फुप्फुस सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून करतं. फॅसिओला या पर्णकृमीनं यकृत घट्ट झालेली, गळ्याखाली पाण्याची पिशवी लोंबणारी शेळी बघितली की सिऱ्होसिसचं आयतं मॉडेल मिळाल्यासारखं वाटतं. घाणेरी खाऊन पित्त तुंबलेलं जनावरही तसंच. पण त्यांच्या फुप्फुसात जे दिसेल त्यातलं किती यकृतामुळे आणि किती शेळी असल्यामुळे, हे वेगळं काढता येणार नाही. शिवाय चरायला जाणाऱ्या शेळीच्या फुप्फुसात फुप्फुसाचे जंत, जुना निमोनिया, धूळ हे सगळं आधीच असतं.

माणसातही यकृत फार बिघडल्यावर असं काही होतं का? टेक्नेशियम सल्फर कोलॉइड हे किरणोत्सारी कण शिरेतून दिले तर ते यकृत-प्लीहेत जायला हवेत. यकृताच्या गंभीर आजारात काही रुग्णांची फुप्फुसंच स्कॅनवर उजळतात. यावरून माणसाच्या फुप्फुसातही भक्षक पेशी येऊन बसतात असं म्हणणारे आहेत. मला ते पटतं, पण रॅटइतकं पक्कं म्हणणार नाही.

एवढ्यावर थांबत नाही. फुप्फुसात नव्या केशवाहिन्याही फुटतात, त्यामागे व्हीईजीएफसारखे वाढघटक असतात. सर्फॅक्टंट (हवेच्या पिशव्या मिटू न देणारं द्रव्य) बनवणाऱ्या पेशीही मंदावतात. यावर पेपर भरपूर आहेत. सिनॉप्सिसमध्ये एक परिच्छेद पुरे.

तुमच्या सध्याच्या कामातला एक सापळा दाखवतो, कारण तुम्ही आता फुप्फुसाच्या स्लाइड बघाल आणि त्यात काहीतरी दिसेलच. कार्बन टेट्राक्लोराइड स्वतःहून विषारी नसतं. सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्याचं मुक्त मूलक बनवतं, आणि ते पेशी जाळतं. हे एन्झाइम यकृतात सर्वांत जास्त असलं तरी फुप्फुसातल्या श्वासनलिकेच्या क्लब पेशींतही असतं. शिवाय हे रसायन उडनशील. दिलेल्यातलं बरंच श्वासावाटे बाहेर पडतं, म्हणजे फुप्फुसाला ते दोनदा भेटतं. तेव्हा तुमच्या रॅटच्या फुप्फुसात सूज, जाड झालेल्या भिंती दिसल्या तर त्या यकृतामुळे आहेत असं म्हणता येणार नाही. रसायनानं थेटही केलं असेल. डोस वाढवलात तर हाच घोळ वाढेल. त्यावर एखाद्या वनस्पतीचा अर्क देऊन "फुप्फुस सुधारलं" असं लिहिलंत तर परीक्षक कदाचित सोडतील, चांगल्या जर्नलचा रेफरी सोडणार नाही. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत कार्बन टेट्राक्लोराइड इतकं का चालतं, तर ते कपाटात असतं आणि ऑपरेशन करावं लागत नाही. दुसरं कारण मला तरी दिसलेलं नाही.

म्हणजे पित्तनलिका बांधायला शिका. रॅटला पित्ताशय नसतं, ही आपली सोय. माऊसला असतं, नलिका बांधली की ते फुगतं, कधी फुटतं, पोटात पित्त सांडतं आणि जनावर जातं. म्हणून हे काम रॅटमध्येच करा, साधारण २०० ते २५० ग्रॅमचे नर घ्या.

पोटाच्या मधोमध छोटा छेद. यकृताचे पाळे ओल्या गॉजनं वर उचलायचे, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) हलकेच खाली-डावीकडे ओढायचं, की पिवळसर, अर्धपारदर्शक नलिका पोर्टल शिरेला लागून दिसते. शिरेपासून ती सोडवताना धारदार काही वापरू नका. बोथट वाकडा फोर्सेप्स खालून सरकवा. स्वादुपिंडाच्या बारीक नळ्या याच नलिकेत खालच्या भागात येऊन मिळतात. गाठ त्यांच्या वर, यकृताच्या जवळ मारायची. खाली मारलीत तर स्वादुपिंडाची सूज येईल आणि चार दिवसांत तुम्ही यकृताच्या नव्हे, पँक्रिएटायटिसच्या रॅटवर काम करत असाल. रेशमी धाग्याच्या दोन गाठी मारा आणि मधला तुकडा कापून टाका. एकाच गाठीवर भरवसा ठेवला तर नलिका पुन्हा वाट काढते आणि महिनाभरानंतर निरोगी यकृत हाती येतं. तुलनेसाठीच्या शॅम गटात हे सगळं करायचं, फक्त बांधायचं-कापायचं नाही.

काही दिवसांत कान आणि शेपटी पिवळी दिसायला लागते, लघवी गडद होते. हे झालं नाही तर गाठ सुटली समजा. पित्ताशिवाय व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, म्हणून आठवड्याला व्हिटॅमिन के टोचा, नाहीतर रॅट रक्तस्रावानं जातात आणि तुम्ही त्याला यकृत निकामी झालं म्हणता. वेदनाशामक द्यायचंच, पण आजारी यकृत औषध हळू निपटतं हे ध्यानात ठेवून डोस आणि अंतर ठरवा. तुमच्या संस्थेच्या पशुवैद्याशी बोला. पॅरासिटॅमॉल इथं नको. खाणं कमी होतं, वजन उतरतं. शॅम गटाला तेवढंच मोजून खायला दिलं तर तुलना स्वच्छ होते. आणि जमलं तर पोर्टल शीर अर्धवट बांधलेला तिसरा गट ठेवा. फुप्फुसातला बदल नुसत्या पोर्टल दाबानं नाही, हे तोच गट सांगेल.

मॉडेल बदलायचं म्हणजे आयएईसीकडे (संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे) परवानगीसाठी नव्यानं फॉर्म बी. "तेच रॅट, तेच औषध, फक्त पद्धत बदलली" असं मनातल्या मनात ठरवून सुरू करू नका. विष देणं आणि पोट उघडणं यांत वेदनेचा फरक आहे, आणि समितीला तेच बघायचं असतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ही व्यवस्था आहे. प्राणीप्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीचं, सीपीसीएसईएचं, नाव आता सीसीएसईए झालंय, कागद तेच.

मोजमापाकडे येतो, कारण चांगलं मॉडेल करूनही बहुतेक लोक इथं माती खातात. आपल्याला हवा असतो हवेच्या पिशवीतल्या आणि धमनीतल्या ऑक्सिजनच्या दाबातला फरक. माणसात तो १५ मिलिमीटर पारा किंवा त्याहून जास्त असला तर बिघाड धरतात, ६४ वर्षांपुढे २०. पिशवीतला ऑक्सिजन मोजत नाहीत, काढतात: वायुदाबातून पाण्याच्या वाफेचे ४७ वजा करायचे, ०.२१ नं गुणायचं, आणि त्यातून धमनीतला कार्बन डायऑक्साइड भागिले ०.८ हे वजा करायचं. सगळे डोळे मिटून वायुदाब ७६० घालतात. ७६० हा समुद्रसपाटीचा आकडा आहे. छत्रपती संभाजीनगर साधारण ५७० मीटरवर, तिथं दाब ७१० च्या घरात असतो. कार्बन डायऑक्साइड ४० धरून करून बघा: ७६० घातले तर पिशवीत जवळजवळ १००, ७१० घातले तर ८९. रॅटच्या धमनीत ८४ आला तर पहिल्या हिशेबानं फरक १६, दुसऱ्यानं ५. तेच जनावर एका ओळीत आजारी, दुसऱ्या ओळीत ठणठणीत! नांदेड खाली आहे, तिथं घोळ जरा कमी होईल, पण होईल. एबीजी मशीन (धमनीतल्या रक्तातले वायू मोजणारं) वायुदाब स्वतः मोजतं. त्याच्या छापील चिठ्ठीवरचा आकडा घ्या. रॅटसाठी माणसाची १५ ची रेघ वापरायची नसते, तुलना शॅमशीच करायची. पण तुमचे आकडे कुणी दुसऱ्या गावच्या पेपरशेजारी ठेवले तर वेडंवाकडं दिसू नये.

भूल हा दुसरा घोळ. आयसोफ्लुरेन सहसा शंभर टक्के ऑक्सिजनवर देतात. त्यात धमनीतला आकडा ४०० च्या आसपासही जातो, आणि वर सांगितलं तसं या आजारात शंभर टक्के ऑक्सिजननं बिघाड झाकला जातो. नमुना साध्या हवेवरच घ्यायचा. केटामाइन-झायलाझिननं श्वास मंदावतो, आणि आजारी यकृताच्या रॅटमध्ये भूल जास्त खोल आणि लांब जाते. म्हणजे आजारी गटाचा ऑक्सिजन भुलीनंच कमी येईल. कार्बन डायऑक्साइड दोन्ही गटांत सारखा आहे का ते आधी बघा, मग ऑक्सिजनकडे वळा. सर्वांत चांगलं म्हणजे मांडीच्या धमनीत कॅन्युला (बारीक नळी) बसवून, भूल पूर्ण उतरल्यावर जाग्या रॅटचा नमुना. रॅट गार पडू देऊ नका. मशीन ३७ अंश धरून चालतं; ३४ अंशांच्या रॅटचा ऑक्सिजन ते खोटा चढवून सांगतं. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसला तर तो नमुना फेका.

ऑक्सिजन कमी आला, आता वाहिन्या रुंदावल्यात हेही दाखवायला हवं. माणसात हातातल्या शिरेतून घुसळलेलं सलाइन देतात आणि बुडबुडे डाव्या हृदयात तीन ठोक्यांनंतर दिसतात का बघतात. लगेच दिसले तर हृदयातच भोक. रॅटमध्ये शिरेतून १० मायक्रॉनच्या आसपासचे रंगीत किंवा चमकणारे सूक्ष्म गोळे देतात आणि धमनीच्या रक्तात किती निसटून आले ते मोजतात. निरोगी फुप्फुस ते जवळजवळ सगळे अडवतं. हे तुमच्याकडे होणार नसेल तर निदान फुप्फुस नीट फिक्स करा: श्वासनलिकेत कॅन्युला, २० ते २५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबानं फॉर्मलिन, मग नलिका बांधून टाका. चुरगळलेल्या फुप्फुसाच्या, नेहमीच्या एच अँड ई रंगानं रंगवलेल्या स्लाइडवर केशवाहिन्यांची रुंदी मोजलेले थिसिस मी बघितलेत. त्या आकड्यांना काही अर्थ नसतो.

माणसाला कितपत लागू, हा तुमचा शेवटचा प्रश्न. यंत्रणा समजायला हे रॅट खूप उपयोगी पडले. औषध शोधायला अजून तरी नाहीत. मोठी अडचण समोरच आहे: माणसात हा आजार दारूच्या, हिपॅटायटिसच्या, कुठल्याही सिऱ्होसिसमध्ये होतो, सिऱ्होसिस नसलेल्या पोर्टल हायपरटेन्शनमध्येही होतो, आणि यकृत किती बिघडलंय याच्याशी त्याचा नीट मेळ बसत नाही. रॅटला मात्र पित्तच तुंबावं लागतं. म्हणजे आपण माणसाच्या आजाराची एकच वाट रॅटमध्ये बघतोय. सोराफेनिबचं उदाहरण घ्या. नव्या केशवाहिन्या रोखणारं हे औषध पित्तनलिका बांधलेल्या रॅटमध्ये छान चाललं. माणसातली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली: २८ रुग्ण, तीन महिने, ऑक्सिजनमध्ये फायदा नाही. रॅटला औषध आजार उभा राहत असतानाच मिळतं, माणूस येतो तो वाहिन्या रुंदावून वर्षं उलटल्यावर. मला तरी हा फरक फार मोठा वाटतो. आजही रुग्णाला खरा इलाज यकृत प्रत्यारोपणच आहे, तोवर ऑक्सिजन. प्रत्यारोपणानंतर बहुतेकांचं फुप्फुस सुधारतं, कधी वर्षभरही लागतं.

त्या सुधारण्यातच एक धागा आहे. हृदयाच्या जन्मजात दोषासाठी ग्लेन शस्त्रक्रिया झालेल्या काही मुलांमध्ये यकृतातून येणारं रक्त फुप्फुसाला मिळत नाही, आणि यकृत निरोगी असूनही त्यांच्या फुप्फुसात असेच रक्ताचे आडमार्ग तयार होतात. ते रक्त पुन्हा फुप्फुसाकडे वळवलं की ते ओसरतात. म्हणजे आजारी यकृत काहीतरी वाईट पाठवतं एवढंच नाही, निरोगी यकृत काहीतरी चांगलं पाठवत असावं. यकृतात तयार होणाऱ्या बीएमपी-९ या प्रथिनावर सध्या लोकांचं लक्ष आहे. हेपॅटोपल्मोनरीच्या रुग्णांत ते कमी आढळलंय. पीएच.डी.चा विचार असेल तर तिथं बघा, आणखी एका अर्कात अडकू नका.

आत्ता हातात असलेल्या रॅटचं काय? ते वाया गेलेले नाहीत. फुप्फुसं वर सांगितल्याप्रमाणे फुगवून फिक्स करा, एबीजीचे आकडे खरे लिहा, आणि शीर्षकातून "फुप्फुसावर परिणाम" काढून "सिऱ्होसिस होऊनही धमनीतला ऑक्सिजन टिकला" असं सरळ मांडा. गाईडना एंडोथेलिनचा तो प्रयोग वाचायला द्या. डोसाचा विषय आपोआप मागे पडेल. पित्तनलिकेचे रॅट लावायचे असतील तर दोन-तीन जनावरांवर हात बसू द्या, मग गट पाडा. आणि हे काम एप्रिल-मेमध्ये नको. ऑपरेशननंतर चार-पाच आठवडे पिंजऱ्याची खोली २२ अंशांच्या आसपास राहायला हवी. आपल्याकडे बाहेर ४२ असताना दुपारी लाईट गेली आणि जनरेटर वेळेवर सुरू झाला नाही, तर कावीळ झालेले रॅट आधी जातात. दिवाळीनंतर लावा, संक्रांतीच्या आत नमुने घेऊन मोकळे व्हा. एबीजी मशीन कॉलेजात नसेल तर जवळच्या हॉस्पिटलच्या आयसीयूशी आधीच बोलून ठेवा. सिरिंज लगेच पोचवता येईल इतक्या जवळचं हॉस्पिटल निवडा, आणि नमुना रॅटचा आहे हे त्यांना सांगा, नाहीतर तो आकडा बघून तिथली सिस्टर रुग्ण कुठंय म्हणून धावत येईल.